पाहुणचाराचा जमाखर्च

आळेफाटा हे गाव रस्त्यांनी वसवले. पुण्याहून नाशिककडे जाणारा महामार्ग आणि कल्याणहून माळशेज घाट चढून अहिल्यानगरकडे जाणारा रस्ता जेथे एकमेकांना छेदतात, तेथे आळे गावचा हा फाटा आहे. कांद्याने भरलेल्या गाड्या, एस.टी., सुट्टीला निघालेले मुंबईकर, ओझर-लेण्याद्रीचे भाविक असा ओघ येथून अहोरात्र वाहत असतो. अशा चौफुलीवर पिढ्यान्‌पिढ्या दुकान चालवणाऱ्या घरांना पाहुण्यांचे नावीन्य नसते. नाशिकचे व्याही पुण्यास निघाले की वाटेत थांबतात. कल्याणचे मामा नगरला निघाले की थांबतात. आगाऊ निरोपाची कोणी अपेक्षा करीत नाही. पाने वाढली जातात, दुकानाची गाडी आणि चालक पाहुण्यांच्या दिमतीस दिला जातो आणि दुसऱ्या दिवशी ओझर, लेण्याद्री, शिवनेरी दाखवून त्यांची पाठवणी होते.

या पाहुणचाराचा खर्च किती, असे विचारले तर घरातील कोणीही सांगू शकेल : थोडे धान्य, थोडे तूप, गाडीचे डिझेल. वेळेचा खर्च कोणी मांडत नाही. मांडण्याचे कारणही नसते. घरात सासूबाई असतात, दोन सुना असतात, धुण्याभांड्याला बाई असते, गल्ल्यावर भाऊ असतो. एकजण पाहुण्यांजवळ बसला तरी दुकान चालू राहते. एकत्र कुटुंब हे या पाहुणचाराचे भांडवल असते आणि त्या भांडवलाच्या जोरावर आल्यागेल्याचे आगतस्वागत निश्चिंतपणे होत असते.

परक्या मुलखात येऊन राहिलेल्या माणसाने इतरांची सोय पाहावी, ही गोष्ट या परिसरास नवी नाही. सातवाहन काळात कोकणातील बंदरांतून नाणेघाट चढून माल जुन्नरला येत असे. त्या मार्गावर ये-जा करणाऱ्यांत ‘यवन’ म्हणून ओळखले जाणारे परदेशी लोकही होते. जुन्नरच्या आसपासच्या लेण्यांतील ब्राह्मी शिलालेखांत त्यांपैकी काहींची नावे आजही वाचता येतात. चिट नावाच्या यवनाने संघासाठी भोजनमंडप दान दिल्याची नोंद आहे. इरिल नावाच्या यवनाने दोन पोढ्या, म्हणजे पाण्याची दोन टाकी, दिल्याची नोंद आहे. आपला मुलूख सोडून आलेल्या या माणसांनी जुन्नरात काय कमावले, ते कोणी कोरून ठेवलेले नाही. त्यांनी दुसऱ्यांच्या अन्नपाण्याची सोय केली, तेवढे मात्र दगडावर राहिले.

आज प्रवासाची दिशा उलटली आहे. जुन्नर-आंबेगावच्या व्यापारी घरांतील मुलेमुली शिक्षणाने अभियंते, सनदी लेखापाल, औषधनिर्माते झाली आणि लंडन, न्यू जर्सी, सिंगापूर, दुबई येथे स्थिरावली. त्यांच्यामागोमाग पाहुणेही निघाले. एप्रिल उजाडला की तिकडे फोन जातो : ‘आम्ही येतो आहोत. चारच दिवस. तुला काही त्रास नाही.’ बोलणारे वडिलांचे मित्र असतात, शाळासोबती असतो, किंवा मामेबहिणीच्या सासरची मंडळी असतात. बोलण्यात खोटे काही नसते. आळेफाट्यावरील घरात चार दिवसांच्या पाहुण्यांचा खरोखरच त्रास नसतो. त्याच मोजमापाने ते परदेशातील घर मोजतात आणि तेथेच हिशेब चुकतो.

रजेचे खाते

परदेशातील संसारात धान्य महाग नसते. वेळ महाग असतो. पाहुण्यास विमानतळावर घेण्यास जायचे, दुसऱ्या दिवशी शहर दाखवायचे, तिसऱ्या दिवशी आणखी लांब न्यायचे, तर हे दिवस यजमानाच्या रजेतून वजा होतात. ही रजा किती असते, हे पाहुण्यास सहसा ठाऊक नसते. ब्रिटनमध्ये आठवड्याचे पाच दिवस काम करणाऱ्यास कायद्याने वर्षाला किमान २८ दिवसांची पगारी रजा मिळते. मात्र सार्वजनिक सुट्ट्या त्यातच धरण्याची मालकास मुभा आहे. सिंगापूरमध्ये पहिल्या वर्षी कायदेशीर किमान रजा ७ दिवसांची असते आणि दरवर्षी एकेक दिवस वाढत ती १४ दिवसांवर थांबते. अमेरिकेत तर खासगी मालकाने पगारी रजा दिलीच पाहिजे, असे सांगणारा संघराज्याचा कायदाच नाही. जी मिळते ती करारावर अवलंबून असते.

या मोजक्या दिवसांतच मुलांचे आजारपण, शाळेच्या सुट्ट्या आणि भारतात येणे-जाणे बसवावे लागते. पाहुण्यांसाठी पाच दिवस खर्ची पडले तर ते कोठून तरी कापले जातात. आणि बहुतेक वेळा ते दिवाळीला आळेफाट्यावर येण्याच्या मुक्कामातून कापले जातात. वडिलांच्या मित्राला आग्रहाने फिरवून आणणारा मुलगा त्या वर्षी वडिलांजवळ पाच दिवस कमी राहतो. ही नोंद कोणत्याही वहीत होत नाही. पाहुण्याला ती दिसत नाही आणि आईवडिलांना कळत नाही. पण जमाखर्च जमाखर्चच असतो. एका बाजूस नावे पडले, तर दुसऱ्या बाजूस कमी होणारच.

रजेखेरीज दुसरा खर्च श्रमांचा. तेथे धुणे, भांडी, झाडलोट आणि बाजारहाट पतिपत्नींनी नोकरी सांभाळून करायची असते. दोन खोल्यांच्या घरात एक खोली पाहुण्यांना दिली की मुले आईवडिलांच्या खोलीत जमिनीवर झोपतात. सकाळी न्हाणीघर एकच असते आणि कामाची गाडी ठरलेल्या मिनिटाला सुटते. सूनबाई रात्री दहा वाजता ओटा पुसत असताना पाहुणे कौतुकाने म्हणतात, ‘किती हौसेने करतेस ग!’ ती हसते. त्या हसण्यात हौस किती आणि थकवा किती, हे ओळखणे पाहुण्याच्या शहाणपणावर सोपवलेले असते.

निवारा आणि आहार

आपल्या परंपरेने या प्रश्नाचा विचार फार पूर्वी केलेला आहे. साधु-साध्वी ज्या गृहस्थाच्या जागेत उतरतात, त्यास शय्यातर म्हणतात. आणि शय्यातराच्या घरचा आहार ते घेत नाहीत. ज्याने निवारा दिला, त्याच्यावरच आहाराचाही भार पडू नये, अशी विवेकदृष्टी या मर्यादेत दिसते. दशवैकालिक सूत्राच्या पहिल्या अध्ययनातील भ्रमराचा दृष्टान्त प्रसिद्धच आहे; फुलाला पीडा न होऊ देता तो आपल्यापुरते घेतो. गृहस्थ पाहुणा हा साधू नव्हे आणि मित्राच्या घरी जेवू नये, असे कोणी म्हणणार नाही. परंतु निवारा, आहार, वाहन आणि सोबत असे चारही भार एकाच खांद्यावर टाकू नयेत, एवढा बोध गृहस्थानेही घेण्यासारखा आहे. निवारा मित्राचा घेतला तर स्वयंपाकाचा वाटा उचलावा. जेवण त्याच्या घरी हवे असेल तर मुक्काम जवळच्या साध्या हॉटेलात करावा. फिरणे तर शक्य तितके स्वतःचे स्वतः करावे.

आहाराचा प्रश्न जैन पाहुण्याच्या बाबतीत अधिक नाजूक असतो, कारण तो सूर्याशी बांधलेला असतो. जुन्नर तालुक्यात वर्षातील सर्वांत मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा आणि सर्वांत लहान दिवस सुमारे अकरा तासांचा. त्यामुळे चौविहाराची वेळ वर्षभरात दीड तासाच्या आतच मागेपुढे होते. लंडनमध्ये २१ जूनच्या सुमारास सूर्य रात्री सव्वानऊच्या पुढे मावळतो, तर डिसेंबरच्या उत्तरार्धात दुपारी चार वाजण्याच्या आतच अस्त होतो. उन्हाळ्यातील पाहुण्यास अडचण नसते. यजमान कामावरून परतल्यावर सर्वांना एकत्र बसता येते. हिवाळ्यात मात्र पाहुण्याच्या सायंभोजनाची वेळ होते तेव्हा यजमान पतिपत्नी कार्यालयात असतात. त्यांनी घाईघाईने येऊन ताट वाढावे, अशी अपेक्षा धरणे हा व्रताचा भाग नव्हे. व्रत आपले, तर त्याची तयारीही आपली. स्वयंपाकघर समजून घ्यावे, विजेची शेगडी कशी चालते ते पहिल्याच दिवशी पाहून घ्यावे, आपले जेवण आपण करून घ्यावे आणि परतणाऱ्या यजमानांसाठी गरम पोळ्या झाकून ठेवाव्यात. सिंगापूरसारख्या विषुववृत्ताजवळच्या शहरात सूर्य बाराही महिने सातच्या सुमारास मावळतो. तेथे हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवावा लागतो. म्हणून जाण्यापूर्वी तेथील सूर्यास्ताची वेळ आणि यजमानाची कामाची वेळ, या दोन्ही शेजारी शेजारी लिहून पाहाव्यात.

कंदमुळांची गोष्टही अगोदर सांगून ठेवावी. कांदा-लसूण-बटाटा चालत नाही, हे टेबलावर बसल्यावर सांगितले तर सूनबाईची दोन तासांची मेहनत वाया जाते. बाहेर खाताना चीजमध्ये प्राणिज रेनेट आणि गोळ्या-मिठायांत जिलेटिन असू शकते. वेष्टनावरील घटकांची यादी वाचण्याची सवय पाहुण्याने स्वतः लावून घ्यावी. प्रत्येक पदार्थ यजमानाच्या मुलाकडून वाचून घेणे पहिल्या दिवशी गमतीचे असते, पाचव्या दिवशी नसते.

आणि नेण्याच्या वस्तूंविषयी. पाहुणा रिकाम्या हाताने जात नाही, हे योग्यच. परंतु ब्रिटन व युरोपीय संघाच्या देशांत भारतातून दूध आणि दुधाचे पदार्थ नेण्यास प्रवाशांना मनाई आहे. म्हणजे पेढे, बर्फी आणि घरचे कढवलेले तूप विमानतळावरच काढून घेतले जाऊ शकते. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमध्ये खाण्याची प्रत्येक वस्तू उतरताना जाहीर करावी लागते. दुबईस जाताना खसखस बरोबर नेऊ नये. तेथील कायद्यात ती अमली पदार्थांच्या सदरात मोडते आणि अनारशाच्या हौसेपायी तुरुंगाचे दार दिसू शकते. खाकरे, मुगाचे सांडगे, घरचा मसाला, शेवया या वस्तू टिकतात आणि त्यांचे मोल तेथे मोठे असते. मात्र त्या त्या देशाचा नियम पाहूनच बॅग भरावी. ‘माझ्या भाच्यालाही एवढे पुडके दे’ म्हणून शेजाऱ्याने दिलेली बंद पिशवी तर आत काय आहे ते पाहिल्याशिवाय कधीही स्वीकारू नये.

पैशाचा संकोच

मित्राच्या घरी राहून पैसे कसे द्यावेत, हा आपल्याकडे मोठाच संकोच असतो. या संकोचाला एका मराठी स्त्रीच्या आयुष्यात सुंदर उत्तर सापडते. यवतमाळ जिल्ह्यातील राधाबाई १९४०च्या दशकात सीताराम बनारसे यांच्या पत्नी म्हणून लंडनला गेल्या. त्यांना ना अक्षरओळख होती ना इंग्रजीचा गंध. पतीच्या निधनानंतर त्यांनी गोल्डर्स ग्रीन भागात राहण्या-जेवणाची खाणावळ चालवली आणि तेथे मराठी मंडळींची रीघ लागली. सरोजिनी वैद्य यांनी ‘कहाणी लंडनच्या आजीबाईंची’ हे त्यांचे चरित्र लिहिले, त्यामुळे त्यांची ओळख महाराष्ट्राला झाली. लक्षात घेण्याची गोष्ट अशी, की हा धंदा होता. राहणारा पैसे देत असे आणि त्या घेत असत. तरीही त्या ‘घरमालकीण’ म्हणून स्मरणात राहिल्या नाहीत. राहिल्या त्या ‘आजीबाई’ म्हणून. पैसे दिल्याने आपुलकी कमी होत नाही आणि फुकट राहिल्याने ती वाढत नाही, हे त्यांच्या घराने अनेक वर्षे सिद्ध केले.

मित्राच्या हातावर रक्कम ठेवणे अर्थातच शोभणार नाही. त्याला अनेक सभ्य मार्ग आहेत. आठवड्याच्या बाजाराला यजमानाबरोबर जावे आणि त्या दिवसाचे पैसे आपण द्यावेत. सर्वांनी मिळून बाहेर जायचे असेल तर तिकिटे भारतातूनच काढून न्यावीत. निघताना मुलांच्या हातावर तेथील चलनात काही ठेवावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, दुकानात प्रत्येक किमतीला रुपयाने गुणून मोठ्याने बोलू नये. ‘एका कॉफीला एवढे रुपये?’ हे वाक्य ज्याला त्या देशात राहून तेथेच खर्च करायचा आहे, त्याला आपला संसार चुकीचा मांडल्यासारखा बोचते.

पैशाची एक बाब मात्र संकोच सोडून अगोदरच निकालात काढावी. ती म्हणजे आजारपणाचा विमा. शेंगेन देशांच्या व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय संरक्षण बंधनकारक आहे. ब्रिटन वा अमेरिकेच्या पर्यटक व्हिसाला अशी अट नाही. म्हणून अनेकजण तो खर्च वाचवतात. साठीच्या पुढचा पाहुणा, रक्तदाब आणि मधुमेह बरोबर, आणि विमा नाही, असा प्रवास म्हणजे यजमानाच्या माथ्यावर न सांगता ठेवलेले कर्ज आहे. पाहुण्याला परदेशातील रुग्णालयात दाखल करावे लागले तर बिल कोणी भरायचे, हा प्रश्न रात्री दोन वाजता यजमानापुढेच उभा राहतो. जर्मनीसारख्या देशात यजमानाने व्हिसासाठी औपचारिक हमीपत्र दिले असेल, तर पाहुण्याच्या निर्वाहाचा व आजारपणाचा खर्च त्याच्याकडून कायद्यानेही वसूल होऊ शकतो. हमी म्हणजे काय, हे व्यापारी घराला समजावून सांगण्याची गरज नाही. विमा घ्यावा, जुन्या आजारांना तो लागू आहे की नाही हे अटी वाचून पाहावे, मुक्कामाला पुरतील एवढी औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावीत आणि पॉलिसीची एक प्रत पोहोचताच यजमानाच्या हाती द्यावी. पेढ्यांपेक्षा ही भेट अधिक मोलाची आहे.

काय पाहावे, कोणाबरोबर पाहावे

लंडनला राहणाऱ्याने टॉवर ब्रिज दहा वेळा पाहिलेला असतो. त्यांपैकी नऊ वेळा पाहुण्यांसाठी. पाहुण्यास पहिले दर्शन, यजमानास अकरावी फेरी. यावर उपाय सोपा आहे. पहिल्या दिवशी यजमानाने बरोबर यावे, भुयारी रेल्वेचा नकाशा दाखवावा, कार्ड यंत्राला कसे लावायचे ते शिकवावे, रस्ता चुकल्यास काय करायचे ते सांगावे. दुसऱ्या दिवसापासून पाहुण्याने स्वतः निघावे. ज्याने आयुष्यभर परगावच्या बाजारपेठा पालथ्या घातल्या, गाडीभर मालाचा सौदा अनोळखी माणसाशी केला, त्याला फलक वाचत एका शहरात फिरणे अशक्य नाही. लंडनच्या सार्वजनिक वाहतुकीत एकच कार्ड दिवसभर वापरले तर ठरावीक मर्यादेपलीकडे भाडे आकारले जात नाही. ब्रिटिश म्युझियम, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम यांच्या कायमस्वरूपी दालनांना प्रवेशशुल्क नाही. तेव्हा चुकण्याची भीती आणि खर्चाची भीती, दोन्हींत फारसे तथ्य नाही.

मराठी माणसाला त्या शहरात आपली म्हणावीत अशी स्थळेही आहेत. हाउली प्लेस येथील १० क्रमांकाच्या घरावर लोकमान्य टिळक १९१८-१९ मध्ये तेथे राहत असल्याची पाटी आहे. किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाच्या घरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये विद्यार्थी म्हणून राहिले होते. ते घर महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये विकत घेऊन तेथे स्मारक केले. १९३२ साली स्थापन झालेले लंडनचे महाराष्ट्र मंडळ आजही कार्यरत आहे. लेस्टरला जाणे झाल्यास तेथील जैन केंद्र अवश्य पाहावे. जुन्या चर्चच्या इमारतीत उभारलेल्या या मंदिराची प्रतिष्ठा १९८८ मध्ये झाली. जपानमधील कोबे येथे १९८५ पासून संगमरवरी जिनमंदिर आहे. परमुलखात गेलेल्या व्यापाऱ्यांनी आणि नोकरदारांनी पदरमोड करून ही स्थाने उभी केली; जुन्नरच्या त्या भोजनमंडपाशी त्यांचे नाते सांगता येईल.

व्यापाऱ्याने व्यापारही पाहावा. कांद्याच्या लिलावात ज्याचे आयुष्य गेले, त्याला ॲम्स्टरडॅमजवळच्या आल्समीर येथील फुलांचा लिलाव कोणत्याही मनोऱ्याहून अधिक शिकवून जाईल. आपल्या बाजार समितीत बोली खालून वर चढते. तेथे घड्याळाच्या तबकडीवर भाव वरून खाली उतरत येतो आणि जो प्रथम कळ दाबतो, त्याचा माल. थांबले तर स्वस्त मिळेल, पण थांबले तर हातचाही जाईल. या कात्रीत तेथील खरेदीदार क्षणात निर्णय घेतो. लंडनच्या नाइन एल्म्स भागातील न्यू कॉव्हेंट गार्डन हा भाजीपाला, फळे व फुलांचा घाऊक बाजार १९७४ मध्ये शहराच्या मध्यातून तेथे हलवला गेला; तो मध्यरात्रीनंतर जागा होतो आणि सकाळ उजाडता उजाडता आटोपतो. आळेफाट्याच्या अडत्याला ती वेळही ओळखीची वाटेल.

अशा ठिकाणी यजमानाचा मुलगा आपणहून म्हणतो, ‘काका, हे आम्हीही पाहिले नव्हते. आम्हीही येतो.’ पाहुण्याने यजमानाला त्याच्याच गावातील नवे काही दाखवावे, यासारखी परतफेड नाही.

यजमानाची बाजू

सर्व मर्यादा पाहुण्यानेच पाळाव्यात, असे मात्र नाही. परदेशातील यजमानांचीही एक चूक वारंवार घडते. ते स्पष्ट बोलत नाहीत. फोनवर ‘या, या, घर तुमचेच आहे’ म्हणतात आणि फोन ठेवल्यावर पतिपत्नींत वाद होतो. पुढे चार दिवस तोंडावर हसू आणि मनात आठी. पाहुणा निघून गेल्यावर दोन्ही घरांत बोलणे कमी होते आणि वडिलांच्या पिढीने पन्नास वर्षे जपलेली मैत्री एका आठवड्यात निवते. बाजाराचा नियम येथेही लागू पडतो : बोली आधी स्पष्ट करावी, मग सौदा टिकतो. ‘शुक्रवार ते सोमवार आमच्याकडे राहा, शनिवार-रविवार मी पूर्ण वेळ तुमच्याबरोबर आहे, पुढचे दिवस तुम्ही तुमचे फिरा, हॉटेल मी पाहून ठेवतो’ असे सांगितल्याने कोणाचा मान जात नाही. जाणत्या पाहुण्याला त्यात तुटकपणा दिसणार नाही. त्याला आपली निश्चित जागा कळेल.

तसेच यजमानाने हेही स्मरावे, की पाहुणा केवळ खर्चाच्या बाजूचा नसतो. परदेशात कित्येक घरे अशी आहेत, की जेथे वर्षभरात मराठी किंवा मारवाडी बोलणारे वडीलधारे माणूस उंबऱ्याच्या आत आलेले नाही. तेथील नातवंडांना मिच्छामि दुक्कडम् पडद्यावरूनच म्हणावे लागते. अशा घरात चार दिवस एखादे काका-काकू राहिले, सकाळी नवकार म्हणाले, मुलांना माळशेजच्या पावसाची आणि त्यांच्या वडिलांच्या खोड्यांची गोष्ट सांगितली, तर त्या मुलांना आपले वडीलही कधी लहान होते हे प्रथमच कळते. ही जमा रजेच्या कोणत्याही हिशेबात बसत नाही, पण ती खरी असते.

शेवटी, पाहुण्याकडे एक काम असे आहे, की जे दुसरा कोणी करू शकत नाही. आळेफाट्यावर दुकान चालवणाऱ्या अनेक आईवडिलांनी मुलाचे परदेशातील घर पाहिलेले नसते. दुकान बंद ठेवता येत नाही, गुडघे साथ देत नाहीत, व्हिसाचे काम जमत नाही. मुलगा फोनवर रोज ‘सगळे ठीक’ म्हणतो. त्या शब्दांपलीकडे पाहण्याची संधी फक्त पाहुण्याला मिळते. म्हणून त्याने मनोरे आणि पूल पाहावेत, पण घरही पाहावे. मुलगा किती वाजता उठतो, घरी केव्हा परततो, जेवताना हसतो की गप्प बसतो, सूनबाईला कोणी मैत्रीण आहे की नाही, मुले आजीचे नाव काढतात की नाही, हे सारे पाहून यावे. परत आल्यावर पहिल्या आठवड्यात दुकानावर जावे, चहा घ्यावा, आणि वडील ‘कसा आहे?’ विचारतील तेव्हा त्यांना मोबाइलमधील टॉवर ब्रिजचे छायाचित्र दाखवून थांबू नये. मुलाने स्वयंपाकघराच्या खिडकीत तुळशीचे रोप लावले आहे, की दिवाळीला येण्यासाठी तो आतापासून रजा साठवतो आहे, हे त्यांना सांगावे.

आणि ती साठवलेली रजा आपल्या पाहुणचारात खर्ची पडलेली नाही, याची काळजी त्याने अगोदरच घेतलेली असावी.